मास्तरांनी बंद केलेली टीं टीं

लालबागमध्ये ज्याला ओरडता येत नाही त्याने मासळी आणायला जाऊ नये. मी टोपलीपाशी वाकून "बांगडा कसा दिलास गो?" विचारते आणि कोळीण माझ्या डोक्यावरून मागच्या बाईला भाव सांगते. तिचा काय दोष म्हणा! माझ्या तोंडून आता आवाज येत नाही, नुसता वारा येतो. गळ्यातली गाठ काढताना आवाजाची शीर दुखावली. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, होऊ शकतं म्हणून. झालं.

हे माझ्याच नशिबी यावं याचं मला हसू येतं, आणि कधीकधी नुसता संताप येतो. माझा बाप गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होता. त्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावंच लागे, आणि पाळीभर ओरडलेला माणूस घरी येऊन कुजबुजणार कसा? आमच्या खोलीत सगळेच बोंबलून बोलायचे. आईने "गो, मीठ हाड" म्हटलं की खालच्या मजल्यावरची बाई मीठ घेऊन वर यायची. तोच आवाज मी उचलला. पुढे सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी लागली, तिथे दिवसभर पेशंटची नावं पुकारायची. इतरांना माईक दिला होता. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी नाव घेतलं की बाहेर वडापाव खात असलेला पेशंट धावत आत यायचा.

लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, विचारणारे सगळे वर गेले. रिटायर झाल्यावर घर खायला उठलं. तेव्हा कुणीतरी सांगितलं की दादरला एक लहानशी संस्था आहे, अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, वाचायला माणसं लागतात. म्हटलं, आवाज आहे, वेळ आहे, जाऊन बघू.

तिथे मास्तर भेटले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. उमेदीत पेटी वाजवायचे, पेट्या दुरुस्त करायचे, म्हणून मास्तर. गिरगावात फणसवाडीत राहायचे, एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब परदेशात. संस्थेचं रेकॉर्डिंग तेच सांभाळायचे. बोलणं इतकं हळू आणि शुद्ध की पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस मला दोन दिवसांत हाकलणार. काचेपलीकडून म्हणाले, "बाई, माईक तुमच्यापासून जरा दूर ठेवू या. तो घाबरला आहे." मी एवढी हसले की ते रेकॉर्डिंग पुसावं लागलं.

आमची खोली अगदीच लहान होती. भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं. पंखा बंद, दार बंद, मे महिन्यात आत अंगाचं पाणीपाणी व्हायचं. मी वाचायचे, मास्तर काचेपलीकडे कानावर हेडफोन लावून बसायचे. चुकलं की हात वर करायचे. माझं 'न' आणि 'ण'चं भांडण जन्माचं, तिथे हात वर करून करून त्यांचा खांदा दुखायचा. कादंबऱ्या वाचल्या, कायद्याची पुस्तकं वाचली, एकदा तर मधमाश्या पाळायचं पुस्तक वाचलं. कोण ऐकत होतं देव जाणे. पण वर्षामागून वर्षं गेली आणि सगळं जमा होत राहिलं, एका काळ्या पेटीत.

ही पेटी म्हणजे कॉम्प्युटरची. देवघराएवढी, तिच्यात पाच डिस्का ओळीने बसवलेल्या. मास्तरांनी मला एकदा समजावलं होतं की आपलं वाचन एका डिस्कवर नसतं, त्याचे तुकडे करून पाचहीवर वाटलेले असतात, आणि सोबत असा हिशेब मांडून ठेवलेला असतो की एक डिस्क मेली तरी उरलेल्या चौघी तिचा वाटा भरून काढतात. "आणि दोन मेल्या तर?" मी विचारलं. "जिभेला काही हाड आहे का, बाई?" मास्तर म्हणाले. एवढं रागावलेलं मी त्यांना त्या आधी पाहिलं नव्हतं.

मग माझ्या गळ्यात ती गाठ सापडली. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा एक जाडजूड पुस्तक अर्धं वाचून झालेलं. मी हट्टाला पेटले. आवाज राहील न राहील, हे पुस्तक माझ्याच आवाजात पुरं होणार. मास्तर एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. रोज सकाळी कुलूप उघडायला ते हजर. ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी शेवटचं पान वाचलं आणि बाहेर येऊन आम्ही दोघांनी कोपऱ्यावर पन्हं प्यायलं. काय बोललो ते आठवत नाही. काही बोललोच नसू.

हॉस्पिटल परळचं. माझ्याजवळ बसायला कोण येणार? भाचा येऊन सही करून गेला, त्याची नोकरी. मास्तर रोज संध्याकाळी यायचे. थर्मासमध्ये भाताची पेज, वरून तूप. मला बोलायला बंदी, म्हणून ते पेपर वाचून दाखवायचे, अगदी 'हरवले आहेत'च्या जाहिरातींपर्यंत. इतकी वर्षं मी वाचलं आणि त्यांनी ऐकलं, आता उलटं. घरी आल्यावरही महिनोन्‌महिने येत राहिले. लालबागचे जिने चढून, गुडघे धरत. मी कागदावर लिहायचे, 'कशाला येता?' ते म्हणायचे, "पेज फुकट जाते."

दादरची खोली या सगळ्या काळात बंदच होती. वाचणारी मी, रेकॉर्ड करणारे ते, दोघंही इथे.

पुढे पावसाळा सरता सरता संस्थेतल्या कुणीतरी एका वाचकाला जुनं पुस्तक काढून द्यायला म्हणून पेटी उघडली, तर काही उघडेना. पाचांतल्या दोन डिस्कांवर लाल दिवे. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एकाला बोलावलं, त्याने हात झटकले. दोन गेल्यात, विसरा. बैठक बसली. कुणीतरी विचारलं, पहिली डिस्क जाते तेव्हा पेटी ओरडते ना, टीं टीं करून? मग कुणाला ऐकू कसं आलं नाही?

मास्तर उभे राहिले. "टीं टीं मीच बंद केली होती," म्हणाले. "रेकॉर्डिंगमध्ये येत होती म्हणून. डिस्क नंतर बदलायची राहिली. चूक माझी." आणि खाली बसले.

बस्स, एवढंच. मग काय, बैल गेला आणि झोपा केला. सगळे तोंडाला येईल ते बोलले. मी बोलू शकत नव्हते, पण माझी खोड का जाणार? मी तिथेच बसून फोनवर लिहिलं आणि त्यांना धाडलं. 'माझा आवाज एकदा डॉक्टरांनी घेतला. दुसऱ्यांदा तुमच्या बेफिकिरीने.' त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर करून वाचलं, फोन परत खिशात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून पेज नाही आणि मास्तरही नाहीत.

मी रागात होते, खोटं कशाला सांगू? त्या पेटीत माझं काय होतं ते कुणाला कळणार? फोटो आहेत माझे, चार-पाच, तोंड वाकडं केलेले. मूल नाही, बाळ नाही. मी कधीकाळी या जगात बोलत होते याचा पुरावा म्हणजे ती पेटी. ती मेली म्हणजे माझं बोलणं झालंच नव्हतं.

आणि घर तर असं शांत झालं की विचारू नका. फोन घेतला की समोरचा "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" म्हणून ठेवून देतो. गॅसवाला दार वाजवतो, मी आतून "आले" म्हणते, तो निघून जातो. शेजारची खोली भाड्याने, तिथले पोरगे कानात बोळे घालून येतात-जातात. मी बोलणंच सोडलं. कुकरची शिटी झाली की बरं वाटायचं, कुणीतरी बोललं म्हणून. एकटेपणाची सवय मला होती, पण माझ्या एकटेपणात निदान मी तरी होते. आता तीही नव्हती.

मास्तरांचा फोन बंद. मग मी भांडायलाच निघाले. होय, भांडायला! फणसवाडीत त्यांच्या चाळीच्या जिन्याला दुपारची लोखंडी जाळी लावून कुलूप घालतात. खालून हाक मारायची, मग वरचा माणूस दोरीला बांधून किल्ली सोडतो. पूर्वी मी एक हाक घातली की चारी बाजूंच्या गॅलऱ्या भरायच्या, आणि मास्तर लाजून घाईघाईने किल्ली सोडायचे. आता मी खाली उभी. मान वर करून "मास्तर" म्हटलं, ते माझ्या मलाच ऐकू आलं नाही. वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं, आत रेडिओ लागलेला. कुणाला तरी सांगायला हवं होतं, 'जरा हाक मारा हो' म्हणून. पण भांडायला आलेल्या बाईने दुसऱ्याकडून हाक मारून घ्यायची? मी तशीच परत फिरले. चर्नी रोडपर्यंत रडत गेले, आणि रडण्यालाही आवाज नव्हता.

संस्थेने पेटी भंगारात काढायची म्हटलं तेव्हा मी ती मागून घेतली. गोधडीत गुंडाळून टॅक्सीत मांडीवर घेतली आणि परळला एका गाळ्यात नेली. जुन्या कंपाउंडमधला वरचा गाळा. तिथे एक बाई बिघडलेल्या डिस्कांतून माहिती काढायचं काम करते, असं दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणीने सांगितलं होतं. पस्तिशीची असेल, केस वर बांधलेले, टेबलावर चिवड्याची बरणी. तिने माझं कुजबुजणं ऐकलं आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली. "सावकाश सांगा मावशी, मला घाई नाही." मला एकदम भरून आलं. किती दिवसांनी कुणीतरी जवळ सरकून बसलं होतं!

तिने डिस्का एकेक करून बाहेर काढल्या आणि पहिल्यांदा त्यांच्यावर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. म्हणाली, मूळ डिस्कांना हात लावायचा नाही, पहिल्यांदा प्रत्येकीची नक्कल करून घ्यायची आणि जोडाजोड नकलेवर करायची. तीन धडधाकट होत्या, त्यांची नक्कल सरळ झाली. उरलेल्या दोघींपैकी एक आधी गेलेली, एक नंतर. नंतर गेलेलीची तब्येत फारच वाईट. मी कान लावून ऐकलं, आत काहीतरी टकटक करत थांबत होतं. बाई तिला थोडं वाचू द्यायची, टकटक वाढली की बंद करून थंड होऊ द्यायची. "आजारी माणसाकडून एका दमात सगळं वदवून घ्यायला गेलं की तो कायमचा गप्प होतो," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून जीभ चावली. मी हसले. मला राग आला नाही, खरंच.

मी तिच्याकडे जातच राहिले. ती नको म्हणायची नाही. चिवडा खात आम्ही दोघी एका टकटकणाऱ्या डिस्कपाशी बसायचो.

एके दिवशी तिने विचारलं, "मावशी, पहिली डिस्क बाहेर पडल्यावर या पेटीत किती रेकॉर्डिंग झालं?"

मी मान हलवली. जवळपास काहीच नाही. ऑपरेशनपर्यंत पेटी नीट चालत होती, आणि त्यानंतर खोली बंद होती.

"अहो, मग नशीब काढलंत!" ती खुर्चीतून उठलीच. तिने मला समजेल असं सांगितलं. पहिली डिस्क पुरती मेलेली नव्हती, चुका करायला लागली म्हणून पेटीने तिला वाळीत टाकलं होतं. एरवी अशी डिस्क काही कामाची राहत नाही, कारण बाकीच्या चौघींवर पुढचं लिहिलं जातं आणि हिच्यावर जुनंच राहतं, मग हिशेब जुळत नाही. पण इथे पुढचं कुणी काही लिहिलंच नव्हतं. मी गप्प झाले म्हणून माझा आवाज वाचला होता. ही असली गंमत देवालाच सुचते.

फक्त ती डिस्क नेमकी कधी बाहेर पडली ते कळायला हवं होतं. त्याच्या आधीचं सगळं बिनधास्त, नंतरचं त्या टकटक्या डिस्कच्या भरवशावर. म्हणून तिने सगळ्यांत शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. कापाकाप न केलेलं, कच्चं.

आणि गाळ्यात मी बोलले.

काय सांगू! एवढा मोठा आवाज! भांडी घासल्यासारखा, पण माझा. मी टेबलाची कड धरली. ते जाडजूड पुस्तक, शेवटचं प्रकरण, 'न' आणि 'ण' सगळे एका माळेत. गाळ्यातली बाई आ करून माझ्याकडे बघत होती. "मावशी, हा आवाज तुमचा?" मी रडत रडत मान डोलावली.

तेवढ्यात वाचनामागे सुरू झालं, टीं... टीं... टीं...

मग माझाच आवाज, फाडकन: "अहो मास्तर! काय बोंबलतंय ते? दूध उतू गेलं का कुणाचं?"

दार उघडल्याचा आवाज. मास्तर आत आले असणार, कारण ते माईकपाशी बोलल्यासारखे स्पष्ट होते. "काही नाही बाई. पेटीचं आहे."

"बिघडली काय? थांबू या का आज?"

इथून पुढे रेकॉर्डिंगला भोकं पडलेली. मास्तरांचा आवाज तुटत तुटत आला. "...उद्या तुमचं... आज राहिलं तर... काही नाही हो, तुम्ही वाचा. मी आहे."

टीं टीं बंद झाली. दार लागलं. मी खाकरले आणि पुढची ओळ वाचायला लागले, जसं काही झालंच नाही.

मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. त्या दिवशी डोक्यात फक्त उद्याची सुरी होती.

गाळ्यातली बाई हळूच म्हणाली, "त्यांना तेव्हाच कळलं होतं, डिस्क गेलीय. खरं म्हणजे तिथल्या तिथे पेटी थांबवायची, नवी डिस्क घालायची. पण मग ती परत भरून यायला वेळ लागतो, तोवर तुमचं वाचन बंद. त्यांनी पेटीपेक्षा तुमचं वाचन बघितलं." मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "पण मावशी, नंतर का नाही बदलली त्यांनी? नंतर तर वेळच वेळ होता."

वेळच वेळ! माझ्या डोळ्यांसमोर थर्मास आला. पेज, वर तूप, 'हरवले आहेत'. गुडघे धरून जिना चढणारा माणूस. बैठकीत यातलं एक अक्षर त्यांनी सांगितलं नाही. आणि मी त्याच माणसाला काय लिहिलं होतं! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. तो निरोप परत वाचायची माझी हिंमत झाली नाही, अजूनही होत नाही.

बहुतेक सगळं निघालं. थोडी पुस्तकं फाटकी निघाली, पण निघाली. बाईने एका नव्या डिस्कवर सगळं भरून दिलं. मी तिला खुणेने सांगितलं, तो शेवटचा तुकडा माझ्या फोनवर टाक. तिने टाकला, आणि आवाज कुठून वाढवायचा तेही दाखवलं.

मी तिथूनच टॅक्सी केली. फणसवाडीत पोचले तेव्हा दुपार होती, जिन्याच्या जाळीला कुलूप. वर मास्तरांचं दार उघडं. खाली एक मांजर आणि मी. फोन डोक्यावर धरला, आवाज पूर्ण केला आणि बोट टेकवलं.

"अहो मास्तर! काय बोंबलतंय ते?"

वाडी दणाणली. समोरच्या गॅलरीतली बाई चिमटे हातात घेऊन वाकली. कुणीतरी "कोण आहे?" म्हणून ओरडलं. मास्तरांच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. मी परत लावलं.

"अहो मास्तर! काय बोंबलतंय ते? दूध उतू गेलं का कुणाचं?"

ते बाहेर आले. बनियनवर, चष्मा कपाळावर, केवढे वाळले होते! कठड्याला धरून त्यांनी खाली पाहिलं. मी फोन बंद केला नाही. खालच्या दगडी चौकात त्यांचाच आवाज तुटत तुटत वर गेला, "आज राहिलं तर... काही नाही हो, तुम्ही वाचा. मी आहे."

मास्तर वळून आत गेले. मला वाटलं, संपलं. बरोबरच आहे, मी तरी कुठे क्षमा केली असती! मी फोन पर्समध्ये टाकला आणि पदराने तोंड पुसलं. समोरची बाई अजून वाकून बघत होती.

मग माझ्या डोक्याला काहीतरी लागलं. वर पाहिलं तर किल्ली. दोरीला बांधलेली, हेलकावे खात. मी ती हातात धरली, पण दोरी सैल सुटली नाही. वरच्या टोकाला मास्तरांनी ती धरूनच ठेवली होती.